लाभ, दोन, तीन

किसनराव पहिल्यांदा आमच्या चिखलीच्या प्रयोगशाळेत आले, तेव्हा त्यांचं अख्खं कपाळ पिवळं होतं. मी सुई बाजूला ठेवून त्यांच्या मुलाकडे पाहिलं.

"डॉक्टर म्हणले, मेंदूले सूज आहे," प्रसेनजित म्हणाला. "सुजीले आंबेहळद लावली. चुकलं का?"

मी हसू आवरलं… बहुधा नीट आवरलं नाही, कारण तोही हसला.

अल्झायमरच्या रुग्णांच्या रक्तातल्या दाहाच्या खुणा आम्ही तपासत होतो. मी त्याला समजावलं, की ही सूज हाताला लागत नाही. मेंदूत पहारेकरी पेशी असतात, त्या कचरा उचलतात. या आजारात कचरा साचत जातो, पहारेकरी चिडलेलेच राहतात आणि शेजारच्या चांगल्या पेशींनाही इजा करतात.

"म्हणजे रखवालदारच पिकात शिरला," तो म्हणाला. "यावर औषध?"

"शोधतायत अजून. मीही त्यातच आहे."

"मंग सावकाश शोधा… इथंच बसून."

किसनराव बाजार समितीत मापाडी होते. माणसांची नावं गेली होती, मापं राहिली होती. चाचणीत मी आकडे म्हणायला सांगितले, तर ते "लाभ, दोन, तीन" म्हणाले. मी परगावची, पहिल्याच उत्तरावर फुली मारली. धान्याच्या पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, हे प्रसेनजितनं सांगितलं. मी फुली खोडली.

पुढे तो दर महिन्याला वडिलांना घेऊन येई. एकदा तारीख नसतानाही आला, आणि एकटाच. रक्त कोणाचं घ्यायचं, असं मी विचारलं. त्यानं स्वतःची बाही वर सरकवली.

हिवाळ्यात प्रकल्प संपला. मला पुण्याहून नोकरीचं बोलावणं आलं. शेवटचा नमुना घ्यायला मी त्यांच्या घरी गेले. प्रसेनजितनं चहा केला. बराच वेळ कप पुसत राहिला, मग म्हणाला की एक विचारायचं होतं, पण आता विचारणार नाही. बाबा रोज सकाळी त्यालाच 'तू कोण' म्हणतात. अशा घरात कोणाला कशाला ओढायचं.

"तुमी जा पुण्याले," तो म्हणाला. "मी काऊन अडवू?"

किसनराव उठले. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "लाभ." मुलाच्या खांद्यावर, "दोन." मग स्वतःच्या छातीवर, "तीन."

"बाबा, घरात दोघंच आहोत आपण," प्रसेनजित हळूच म्हणाला.

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं. माप तेच आलं.

प्रसेनजित माझ्याकडे बघत नव्हता. चहा निवत होता.

"मोजणी बरोबर आहे," मी म्हणाले. "पुण्याला रक्ताचे नमुने लागतात. ते इथून पाठवणारंही कोणी लागेलच… मी इथंच राहून पाठवू का, विचारते त्यांना."

त्यानं मान वर केली. "हाव?"

"हाव," मी म्हणाले. माझ्या तोंडी हा इथला 'हो' पहिल्यांदाच आला होता.