संगमरवरी गालांची अलाबला

पुढे जे लिहीत आहे, त्यात एक अक्षरही माझ्या पदरचे नाही.

माझे नाव गुरुप्रसाद. शिक्षण आठवीपर्यंत. तदनंतर एकतीस वर्षे जहाजांवर फिटर म्हणून काढली. फावल्या वेळी केबिनमध्ये पुस्तके वाचली, त्यामुळे चार वाक्ये नीट मांडता येतात. परंतु मनाने काही रचणे मला साधत नाही. जे पाहिले, तेच लिहितो.

स्थळ सिंगापूर. आंग मो किओ येथील आमच्या मुलीचा फ्लॅट, अकरावा मजला.

वेळ रात्रीची नव्हती. भर दुपारचे तीन. वार शुक्रवार.

परंतु आरंभ तेथे झाला नाही...

यंदा जूनच्या सुट्टीत कन्या मेधा आणि जावई प्रबोध यांनी आम्हा उभयतांना युरोप दाखवण्यास नेले. सोबत नात जाई, वय वर्षे सात. तेथे एका जुन्या राजघराण्याचा राजवाडा पाहिला. त्याचे नाव मी हेतुपुरस्सर देत नाही. वाचून कोणी तेथे जाऊ नये.

राजवाडा भव्य होता. सोन्याचा मुलामा दिलेली छते, आणि ज्यांवर कोणीही बसायचे नाही अशा शेकडो खुर्च्या. मागे उद्यान. झुडपांच्या भिंती ओळंबा लावून कापल्यासारख्या सरळ. कारंजी उडत होती. माणसे फोटो काढत होती.

उद्यानाच्या अगदी टोकाला, समाधीवर बांधतात तशी, एक गोल छत्री होती.

तेथे कारंज्यांचा आवाज पोहोचत नव्हता. पाखरांचाही नाही.

आत संगमरवराचा पलंग. त्यावर संगमरवराचा एक मुलगा निजलेला. जाईच्याच वयाचा. पायांत टाचांचे बूट.

गाईड बाई इंग्रजीत सांगत होत्या. प्रबोध आम्हाला मराठीत समजावीत होता.

"हा इथला राजपुत्र होता, आई. चार शुक्रवारांत गेला. पहिल्या शुक्रवारी वास येईना. दुसऱ्या शुक्रवारी ऐकू येईना. तिसऱ्याला डोळे गेले. चौथ्याला श्वास."

"आणि डॉक्टर?"

"तेव्हाचे डॉक्टर ते काय. राणीला कुणीतरी सांगितलं, हे दुखणं दुसऱ्या कुणी आपखुशीनं स्वतःवर घेतलं तरच सुटेल. तिनं दरबारातल्या एकेका बाईच्या पाया पडून बघितलं. एकही पुढे आली नाही."

"मेल्या," कुमुद म्हणाली.

कुमुद माझी पत्नी. दुसऱ्याचे मूल रडले तरी हिच्या घशाखाली घास उतरत नाही.

आम्ही मागे वळलो. ती वळली नाही.

मी पाहिले, ती दोरीखालून वाकून आत गेली होती. तिने दोन्ही तळवे त्या मुलाच्या गालांवरून फिरवले. मग मुठी स्वतःच्या कानशिलांवर टेकवून बोटे मोडली. घरी जाईची अलाबला घेते, अगदी तशी.

"माझ्या राजा, तुझी इडापिडा मला लागो."

कड... कड... कड...

दहाही बोटे वाजली. रखवालदार ओरडत धावत आला.

प्रबोध हसू दाबत म्हणाला, "आई, आता दंड भरायला लावाल."

"भर. पोरगं तीनशे वर्षं असं पडलंय. कुणी मायेनं हात लावला नसेल."

बसमध्ये बसल्यावर ती माझ्या कानाशी म्हणाली, "अहो, गाल आधी बर्फासारखे गार होते. हात फिरवला तसे... उबदार झाले."

"ऊन लागले असेल," मी म्हणालो.

छत्रीत ऊन नव्हते.

सिंगापूरला परतल्यावरचा पहिला शुक्रवार. मेधा पाया लेबार भागातल्या ऑफिसात, प्रबोध त्याच्या, जाई शाळेत. मी हॉलमध्ये वर्तमानपत्र वाचत होतो. कुमुद स्वयंपाकघरात उभी होती. शयनगृह रिकामे होते.

त्या रिकाम्या खोलीतून आवाज आला.

कड...

मी मान वर केली.

कड... कड...

नकळत मोजू लागलो. दहा भरले आणि थांबला. मग टाचांच्या बुटांचा आवाज. टक... टक... खोलीच्या दारातून स्वयंपाकघराकडे. फरशीवर कोणीही नव्हते.

मी धावलो. कुमुद गॅससमोर उभी होती. दूध उतू जाऊन करपले होते, धूर दाटला होता. ती शांतपणे कोथिंबीर निवडत होती.

"अगं, वास नाही आला?"

तिने कोथिंबीर नाकाशी नेली. पुनःपुन्हा हुंगली.

"कशाचाच येत नाही हो."

त्या वेळी मला गाईड बाईंचे शब्द आठवले नाहीत.

दुसऱ्या शुक्रवारी आठवले. तीन वाजता तेच दहा आवाज, तीच पावले. त्यानंतर कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या होत राहिल्या आणि कुमुद कुकरशेजारी उभी राहून मला विचारत होती, "आज एवढं शांत का वाटतंय?"

तिसऱ्या शुक्रवारी तिची दृष्टी गेली.

इस्पितळात सर्व तपासण्या झाल्या. मेंदू निर्दोष, कान निर्दोष, डोळे निर्दोष. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, उर्वरित रिपोर्ट शुक्रवारी मिळतील म्हणाले आणि तिला घरी पाठवले. मी जावयाला सत्य सांगितले. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"बाबा, तुम्ही झोपला नाही आहात नीट."

कुमुदला मात्र सर्व उमगले होते. तिला ऐकू येत नसे, परंतु बोलता येत असे. एके दुपारी अंधारात चाचपडावे तसा तिने माझा हात शोधला.

"त्या बायका पुढे आल्या नाहीत, बरोबरच केलं त्यांनी. तुम्हीसुद्धा वेड्यासारखं काही करू नका. आणि तुमची कुठली बोटं वाजायला. ओली लाकडं ती."

ही आमची जुनी थट्टा. मेधा लहान असताना मीही अलाबला घेऊ पाहत असे, आणि माझी बोटे कधी वाजत नसत. कुमुद म्हणे, ज्याचा जीव मनापासून तुटतो, त्याचीच बोटे वाजतात.

तिने नको म्हटले, याने मला बरे वाटले. हे लिहिताना लाज वाटते. तरी लिहितो.

चौथा शुक्रवार उजाडला.

प्रबोध रिपोर्ट आणण्यास इस्पितळात गेला. तीन दिवसांच्या रजेनंतर मेधाला एका मीटिंगसाठी ऑफिसात जावेच लागले. जाताना म्हणाली, "बाबा, चारपर्यंत येते. काही वाटलं तर लगेच फोन करा."

तीनला दहा मिनिटे असताना मी पलंगाशी बसलो होतो. कुमुद उताणी निजली होती, हात छातीवर. मी तिच्या गालाला स्पर्श केला.

गाल दगडासारखा गार होता.

श्वास दूरदूर पडू लागला. एक... मग बराच वेळ काही नाही... मग दुसरा.

मी दोन्ही हात उचलले. तिच्या गालांपर्यंत नेले.

आणि... मांडीवर परत ठेवले.

वाचकहो, एकतीस वर्षे मी जहाजाच्या इंजिनात हात घातले. त्या दिवशी ते चार बोटे पुढे सरकले नाहीत. मनाशी म्हणालो, माझी बोटे कुठे वाजतात. व्यर्थच.

घड्याळाचा काटा तीनवर आला. मी कान बंद केले. तो आवाज मला ऐकायचा नव्हता.

तेवढ्यात दार उघडले. जाई. शाळेच्या बसमधून उतरून ती एकटीच वर आली होती. पाठीवर दप्तर तसेच.

"आबा, व्हाय यू नेव्हर कम डाऊन? आय वेट सो लाँग, लाह."

तिने आजीकडे पाहिले. बूट न काढता पलंगावर चढली. माझी नात मराठी कळूनही मराठीत बोलत नाही, बोलते ती सिंगापुरी इंग्रजी. पण आजीने रोज केलेले तिला पाठ होते. तिने आपले चिमुकले तळवे आजीच्या गालांवरून फिरवले.

मला समजले.

तिचा हात धरण्यास एक क्षण होता. पुरा एक क्षण. तो मी पाहिला. तो गेला.

"आजी, तुझी इडापिडा मला लागो," ती शुद्ध मराठीत म्हणाली.

कड... कड... कड...

या वेळी आवाज रिकाम्या खोलीतून आला नाही. माझ्या डोळ्यांसमोर, तिच्या कानशिलांवर, दहाही बोटे वाजली.

कुमुदने मोठा श्वास घेतला. पाण्यातून वर आल्यासारखा. डोळे उघडले, माझ्यावर स्थिरावले.

"अहो... काहीतरी करपतंय. खालच्या मजल्यावर कुणाची तरी मिरची करपली बघा."

मलाही तो ठसका लागत होता. मी खोकत होतो.

जाईने नाक वर करून हवा हुंगली. पुन्हा हुंगली.

"नो स्मेल ऑल्सो," ती म्हणाली, आणि दप्तर ओढत आपल्या खोलीत निघून गेली.

तिच्या पायांत शाळेचे मऊ कॅनव्हासचे बूट होते. तरीही फरशीवर आवाज झाला.

टक... टक... टक...

कुमुदने माझे हात हातात घेतले. "गालाला कुणाचे हात लागले? तुमचे?"

"माझेच," मी म्हणालो.

ती हसली. "मग गोळ्यांनीच गुण आला म्हणायचा. तुमची कुठली वाजायला."

घरात आनंद झाला. मेधा आईच्या गळ्यात पडून रडली. प्रबोधने डॉक्टरांना मिठाईचा डबा दिला. जाईला वास येत नाही, हे अद्याप कोणाच्या ध्यानी आलेले नाही. सर्दी झाली आहे, असे मी सर्वांना सांगितले आहे.

कुमुदला मी खरे सांगितलेले नाही. सांगितले, तर ती क्षणाचाही विलंब न करता उठेल, आणि तिची दहाही बोटे वाजतील. प्रबोध व मेधा यांना सांगून उपयोग नाही. म्हणजे उरलो मी.

आज गुरुवार. या आठवड्यात दररोज दुपारी, जाई शाळेतून येऊन निजली की मी तिच्या उशाशी बसतो. तिच्या गालांवरून हात फिरवतो, शब्द उच्चारतो, मुठी कानशिलांवर दाबतो. सांधे सुजले आहेत.

एकही बोट वाजत नाही.

सांधे जुने झाले म्हणून वाजत नाहीत, की मनातून मीच अद्याप हात मांडीवर ठेवून बसलो आहे, हे मला कळत नाही.

आत्ता हे लिहीत असताना कुमुद स्वयंपाकघरातून जाईला हाक मारीत आहे. शिरा केला आहे, वेलदोड्याचा वास घरभर पसरला आहे.

"जाई, ओळख बघू कशाचा वास."

जाईने माझ्याकडे पाहिले. मी हळूच ओठ हलवून सांगितले.

"शिरा," ती म्हणाली.

जवळ आली तेव्हा मी तिचा गाल चाचपला. अद्याप उबदार होता.

उद्या शुक्रवार आहे.