फाटलेली जाळी

"माझ्या कोंबड्या मारल्या गं," एवढंच धाकटी बहीण फोनवर म्हणाली. मागे कुणाचा तरी आरडाओरडा चालला होता.

थोरली तशीच निघाली. उमेदीची सगळी वर्षं तिनं पोलिसात घालवली होती. निवृत्त झाली तरी गल्लीच्या तोंडाशी पोचल्यावर पावलं आपोआप हळू झाली, नजर फिरू लागली.

शेजारचा शिंपी आपल्या काळ्या कुत्र्याला पोटाशी धरून दारात बसला होता. समोर दांडकं घेऊन धाकटीचा नवरा.

"कुत्री पकडणारी गाडी बोलावलीय. हे कुत्रं आज इथून जाणार."

"साखळीला होतं ते," शिंपी म्हणाला.

"मग माझ्या कोंबड्या काय आपण होऊन मेल्या?"

थोरली परसात गेली. खुराड्यापुढे कोंबड्या ओळीनं मांडल्या होत्या, शेवटी कोंबडा. धाकटी शेजारी बसून होती. डोळे कोरडे, जबडा आवळलेला. काल ती लेकीकडे मुक्कामी होती, सकाळी परतली तर हे समोर.

"तू नव्हतीस तेव्हा कोण बघत होतं?"

"हे."

"काय सांगून गेली होतीस?"

"संध्याकाळी खाद्याचं भांडं घरात आणा, नाहीतर उंदीर येतात. दार लावा. सकाळी पाणी बदला."

"उंदीर आहेत?"

"फार. भुशाखाली बिळं केलीत. त्यावरून ह्यांची रोज कटकट."

"खायला काय देतेस?"

"मक्याची भरड. दुसरं काही नाही."

थोरली वाकली. जाळीला मोठं भगदाड होतं, तारांची टोकं परसाकडे वळलेली. पांढऱ्या कोंबडीचा गळा फाटला होता, पण पिसं स्वच्छ होती. आतला भुसाही स्वच्छ. तुरे मात्र काळेजांभळे पडले होते. तिनं गळ्याखालची पिशवी चाचपली. बोटांना टपोरे दाणे लागले.

जिन्यावरून धाकटीचा दीर उतरला. रात्रपाळी करून आलेला, डोळे तांबारलेले.

"बरं झालं, कोंबडा गेला ते. मेला झोपू देत नव्हता."

धाकटी ताडकन उठली. थोरलीनं तिचा हात धरला आणि दिराला विचारलं,

"तुम्ही मारलात?"

"मी आलो तेव्हा सगळं उरकलेलं होतं. मारायचा असता तर तोंडावर सांगून मारला असता."

"मेहुणे, इकडे या," थोरलीनं हाक दिली. "कुत्र्याला तुम्ही पाहिलंत?"

"डोळ्यांनी. जाळी फाडून आत घुसलं होतं. पळताना तोंड रक्तानं माखलेलं."

"नक्की?"

"खोटं कशाला बोलू?"

थोरलीनं धाकटीकडून पातं मागितलं आणि मोरीच्या दगडावर कोंबडीची पिशवी चिरली. आत गहू होता, काळपट पूड लागलेला. लसणासारखा उग्र वास आला तशी ती मागे सरली.

"कुणी हात लावू नका. हे उंदराचं औषध आहे."

दीर भावाकडे बघू लागला.

"कुत्रं बाहेरून घुसलं असतं तर तारा आत वळल्या असत्या," थोरली म्हणाली. "ही जाळी आतून कापून बाहेर ढकललीय. रक्तानं माखलेलं तोंड तुम्ही पाहिलंत, पण इथं रक्ताचा थेंब नाही. मेलेल्याचा गळा फाडला तर रक्त वाहत नाही, मेहुणे. आणि कोंबडीची पिशवी रात्रीतून रिकामी होते. ही भरलेली आहे, म्हणजे दाणे उजाडल्यावर टिपलेत. भरड नाही, गहू. उंदरांसाठी तुम्ही तो अंधार पडल्यावर आत ठेवलात. अंधारात कोंबडीला दिसत नाही, म्हणून तुम्ही निर्धास्त राहिलात."

दांडकं त्याच्या हातून खाली आलं.

"उजाडायच्या आत उचलणार होतो," तो पुटपुटला. "डोळा लागला. जाऊन बघतो तर सगळ्या आडव्या. उरलासुरला गहू झाडून काढला. हिला काय तोंड दाखवू कळेना."

धाकटी त्याच्यासमोर आली. आवाज चढला नाही, पण एकेक शब्द दाताखालून येत होता.

"औषध ठेवलंत, चुकलात. मी भांडले असते, चार दिवस अबोला धरला असता. पण मेल्या जिवाचा गळा फाडलात? माझ्या हातचं खाणाऱ्या त्या मुक्या कुत्र्याला मरायला पाठवत होतात?"

"तुझी भीती वाटली गं."

"त्याच्या जिवाचं काय वाटलं?"

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबल्याचा आवाज आला. धाकटीनं त्याचा दंड धरून त्याला बाहेर नेलं.

"मघाशी ज्या आवाजात ओरडत होतात ना, त्याच आवाजात सांगा. मी ठेवलेल्या औषधानं मेल्या, म्हणा."

त्यानं सांगितलं. गाडीवाले चरफडत परत फिरले. शिंप्यानं सगळं ऐकून घेतलं, कुत्र्याला आत नेलं आणि धाकटीच्या नवऱ्याच्या तोंडावर दार लावलं.

परसात थोरली म्हणाली, "खड्डा खोल हवा. यातली एक जरी कुणा जनावरानं उकरून खाल्ली, तर तेही जाईल."

नवऱ्यानं मुकाट्यानं कोपऱ्यातलं फावडं उचललं. धाकटीनं ते त्याच्या हातून काढून घेतलं.

"तुम्ही नाही," ती म्हणाली आणि मातीत पहिला घाव घातला.