उन्हाचं उष्टावण

रोज पोटभर ऊन खाऊनही माणूस उपाशी राहील का? रेवूच्या घरी हा पेच पडला खरा. तिची आई सात महिन्यांची गरोदर होती. धुळ्याच्या त्या नव्या वसाहतीत धूळ नको म्हणून सगळ्या गॅलऱ्या काचबंद केलेल्या. आई रोज तिथं बसायची आणि म्हणायची, "जरा ऊन खाते गं."

एके दिवशी आईच्या हिरव्या बांगड्या मनगटात रुतल्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, "आईपण अंगी लागलं हो!" घरचा यंत्रमानव ठोंब्या (नाव रेवूनंच ठेवलेलं, आणि शोभायचंही) लगेच पुढे आला. त्यानं रक्तदाब मोजला. तो वाढलेला पाहून त्यानं थेट डॉक्टर मुकादमबाईंना बोलावलं.

रक्त, लघवी तपासून बाई म्हणाल्या, "ही पूर्वगर्भाक्षेपकाची (गरोदरपणात रक्तदाब वाढून आईला आणि बाळाला धोका होतो, त्या विकाराची) सुरुवात आहे. शिवाय ड जीवनसत्त्व फारच कमी."

"अशक्य!" ठोंब्या म्हणाला. "वहिनी रोज ऊन खातात. मी ताट वाढायला विसरलो, एवढीच चूक."

एरवी रेवू खो खो हसली असती. आज तिनं घाईनं विचारलं, "बाळाला काही होणार नाही ना?"

"वेळेवर कळलंय, घाबरू नकोस. हे बघ, आपली कातडीच ड जीवनसत्त्व बनवते, तेही अतिनील किरणांच्या (सूर्याच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांच्या) मदतीनं. काच ऊब आत सोडते, पण कामाचे किरण अडवते."

"म्हणजे हलवायाच्या काचेबाहेर उभं राहून पेढे खायचे!" रेवू म्हणाली.

"अगदी बरोबर! ड कमी असलेल्या बायकांत हा विकार जास्त आढळतो. वारेतल्या (आईकडून बाळाला अन्न पोचवणाऱ्या अवयवातल्या) रक्तवाहिन्यांशी 'ड'चा संबंध असावा. पण सगळं खापर एकट्या 'ड'वर फोडू नकोस. कारणं बरीच आहेत, शोध चालू आहे. नुसतं ऊन खाऊन भागणार नाही. औषधं आणि तपासण्या हव्यातच."

"उरलेली कारणं मी शोधीन," रेवू म्हणाली.

आई दवाखान्यात होती तोवर रेवूला घर खायला उठायचं. बाळ जरा लवकरच आलं, पण त्यानं असा टाहो फोडला की रेवू आनंदानं रडलीच.

बाळाच्या उष्टावणाला ठोंब्यानं गॅलरीची काच सरकवली. खिरीच्या वाटीशेजारी त्यानं आणखी एक वाटी मांडली.

"ही रिकामी का रे?" आईनं विचारलं.

"रिकामी कुठंय, वहिनी? ऊन वाढलंय. या खेपेला विसरलो नाही."