पाच कुत्री, एक फोटो

"हा गिम नाहीच!"

बोरम इतक्या जोरात ओरडली की तेओच्या हातातलं गोड पोळीसारखं गरम होत्तोक खाली पडलं, आणि आतला साखरेचा पाक थेट त्याच्या मोज्यावर!

"आई गं! भाजला ना पाय!"

"पाय राहू दे, आधी इकडे बघ!" बोरमने फोन त्याच्या नाकासमोर धरला. "एकेचाळीस नंबर. म्हणजे आपला गिम. आता सांग, गिमचा कान कसा आहे?"

"फाटका."

"आणि या फोटोतल्या कुत्र्याचा?"

तेओ पाय चोळायचा थांबला. फोटोतल्या काळ्या कुत्र्याचे दोन्ही कान धडधाकट होते. शिवाय छातीवर पांढरा ठिपका! गिमच्या अंगावर तर पांढरं असं काही नव्हतंच, दात सोडून.

हेमी बंदरातल्या शाळेने हिवाळ्याच्या सुट्टीत प्रत्येकाला कुठे ना कुठे सेवा करायला सांगितलं होतं. शहाण्या मुलांनी वाचनालय निवडलं, कारण तिथे हीटर होता. या तिघांनी कुत्र्यांचा निवारा निवडला, कारण बोरमने निवडला. तेओ रोज कुरकुरायचा, आणि रोज सगळ्यांच्या आधी पोचायचा. तिसरी इसुल. ती फारसं बोलायची नाही, पण तिच्या नजरेतून काही सुटायचं नाही.

निवाऱ्यात आलेल्या प्रत्येक कुत्र्याचा फोटो नगरपालिकेच्या पानावर लागायचा. मालकाने दहा दिवसांत ओळखला तर ठीक. नाहीतर कुणी दत्तक घेतला तर ठीक. तेही नाही झालं तर शुक्रवारी डॉक्टर बॅग घेऊन यायचे. मोठी माणसं त्याला काहीतरी लांबलचक नाव द्यायची. मुलं सरळ म्हणायची, सुईचा शुक्रवार.

काळ्या कुत्र्यांचे पिंजरे सगळ्यात मागच्या रांगेत, तेही बल्ब गेलेल्या कोपऱ्यात. दत्तक घ्यायला येणारी माणसं तिथवर यायचीच नाहीत. आली तरी काय बोलायची!

"बाई गं, याला डोळे कुठे आहेत?"

"आमचा सोफा मलई रंगाचा आहे हो. त्याला शोभेलसं काही दाखवा ना."

"काळं नको. रागीट वाटतं."

आणि रागीट गिम त्या वेळी काय करत असायचा? पाठीवर लोळून स्वतःच्याच शेपटीला घाबरत असायचा! बंदरावर जाळीच्या चौकटींवर गिमची, म्हणजे समुद्री शेवाळाची, पानं वाळत घालतात ना, काळी, चकचकीत, कडेला जरा फाटलेली, अगदी तसा तो होता. म्हणून त्याचं नाव गिम.

"या शुक्रवारी गिमचा नंबर आहे," बोरम म्हणाली. "म्हणजे परवा."

"खाली सरकव," इसुल हळूच म्हणाली.

बोरमने बोट फिरवलं. अडतीस नंबर, काळा. छातीवर ठिपका. चव्वेचाळीस, काळा. तोच ठिपका. सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस. प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात तीच निळी बादली, आणि बादलीला तोच तडा!

"पाच कुत्री," तेओ म्हणाला, "आणि फोटो एकच?"

*

दुसऱ्या दिवशी तिघंही झाडू घेऊन मागच्या दाराशी घुटमळत राहिली. नवी कुत्री आली होती. एक पांढरं झिपरं पिल्लू आणि एक काळी कुत्री. फोटो काढायचं काम म्योंगदादाचं. त्याने पिल्लाला बाकावर बसवलं, गळ्यात गुलाबी रिबीन बांधली, संत्र्याच्या फोडी दाखवून हसवलं.

"इकडे बघ, राजा! अरे वा! अजून एक! मान जरा तिरकी!"

मग काळीची पाळी. म्योंगदादाने तिच्याकडे पाहिलं, फोन खिशात टाकला आणि तिला सरळ मागच्या रांगेत नेऊन सोडलं.

"दादा, हिचा फोटो?" तेओने अगदी भोळा चेहरा करून विचारलं.

"काळ्यांचा फोटो येतो का कधी! ट्रकचं टायर ठेवल्यासारखं दिसतं," म्योंगदादा हसला. "एकदा एक बरा आला होता. तोच टाकतो सगळ्यांना. काळं ते काळं!"

"तो कुठला कुत्रा? ठिपकेवाला?"

"तो? मागच्या हिवाळ्यातला. तो केव्हाच गेला."

म्योंगदादा शीळ घालत निघून गेला. बोरमने झाडू भिंतीवर आपटला. मेलेल्या एका कुत्र्याचा फोटो या जिवंत कुत्र्यांच्या नावावर लागत होता! आणि गिमचा मालक बाहेर कुठेतरी तो फोटो बघून म्हणत असेल, हा आपला नाही!

"मोठ्या साहेबांना सांगू या," इसुल म्हणाली.

मोठे साहेब म्हणजे ग्वाकसाहेब. निवाऱ्याचे प्रमुख. भिंतीवर नियमांची पाटी होती आणि ती ते मुलांकडून रोज सकाळी मोठ्याने म्हणवून घ्यायचे. त्यांनी बोरमचं बोलणं अर्ध्यातच तोडलं.

"तुम्ही झाडायला येता की हेरगिरी करायला? गाढवं कुठली! डोक्यावर टोपी नाही, नियम क्रमांक चार! जा!"

बाहेर आल्यावर तेओ म्हणाला, "मी टोपी घातली असती तरी कान निळे नसावेत असा नियम त्यांनी काढला असता."

"गप रे," बोरम म्हणाली. पण तिचं लक्ष दुसरीकडेच होतं. बाहेर बर्फ पडत होता. समोरचं आख्खं पटांगण पांढरंशुभ्र झालं होतं. "कोण म्हणतं काळ्यांचा फोटो येत नाही? दुपारी फिरवायला न्यायची परवानगी आहे ना आपल्याला?"

त्या दुपारी गिमने आयुष्यातली सगळी धाव एकदम धावून घेतली! तो बर्फात लोळला, तेओला पाडलं, नाकावर बर्फाचा गोळा घेऊन शिंकला. इसुल बर्फात आडवी पडून त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर फोन धरून राहिली. आणि काय फोटो आला! पांढऱ्या पटावर काळा कुळकुळीत गिम, एक एक मिशी मोजून घ्यावी अशी. डोळे तर मधाच्या रंगाचे!

संध्याकाळपर्यंत तो फोटो बसथांब्यावर, मासळी बाजारात आणि कालवं फोडायच्या शेडच्या दारावर लागला होता. खाली बोरमने जाड अक्षरात लिहिलं होतं: हा तुमचा आहे का? शुक्रवारी सकाळपर्यंतच जिवंत आहे.

"जरा सौम्य लिही ना," तेओ म्हणाला.

"सौम्य काय? सुई सौम्य असते का?"

*

शुक्रवारी फाटक उघडायच्या आधीच मुलं बाहेर उभी होती. आणि रस्त्यावरून एक बाई धापा टाकत आली. पायात रबरी बूट, अंगाला कालवांचा वास, हातातले मोजेही काढलेले नव्हते. शेडमधल्या प्योकाकू!

"कुठाय? माझा तोरी कुठाय?"

फाटक उघडताच मुलं त्यांना घेऊन मागच्या रांगेकडे पळाली. काकू गिमसमोर बसल्या. त्यांनी त्याचा पुढचा पंजा उचलून उजेडाकडे धरला. मग दुसरा. मग दोन्ही हळूच खाली ठेवले.

"हा नाही. माझ्या तोरीचं एक नख पांढरं आहे."

इसुलचा चेहरा कागदासारखा झाला.

"तो... तो या कोपऱ्यातल्या पिंजऱ्यात होता," ती म्हणाली. "त्याच्या पायात सुतळी अडकली होती. मी सोडवली, तेव्हा ते नख पाहिलं होतं."

"होता?" काकूंनी विचारलं.

इसुल त्या कोपऱ्यातल्या पिंजऱ्याकडे बघत राहिली.

"होता म्हणजे काय, पोरी?"

"मागच्या शुक्रवारी..." इसुल म्हणाली.

काकू रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं बोरमला वाटलं. त्या नुसत्या मोजे काढत राहिल्या, एक एक बोट.

"मी रोज बघत होते ते पान," त्या म्हणाल्या. "रात्री हात धुऊन, रोज. एक काळा दिसायचा, छातीवर ठिपक्याचा. म्हटलं, हा आपला नाही. इथून दोन गल्ल्यांवर राहते मी. आणि तो इथे होता."

"ही गर्दी कसली?" ग्वाकसाहेब तरातरा आले. मागून म्योंगदादा, आणि त्याच्या मागे बॅग घेऊन डॉक्टर! "मुलांनो, बाजूला व्हा. डॉक्टरांना काम आहे."

बोरम पिंजऱ्याला पाठ लावून उभी राहिली. पण तेओ पुढे झाला, आणि त्याने चक्क कमरेत वाकून नमस्कार केला.

"साहेब, या काकूंना शंका आहे की तुम्हाला कुत्री ओळखता येत नाहीत."

"काय! माझ्या निवाऱ्यातलं प्रत्येक कुत्रं मी ओळखतो!"

"मीही तेच म्हटलं! मग हे कोण, सांगा ना." तेओने फोन पुढे केला. नंबरावर अंगठा दाबलेला.

"अठ्ठेचाळीस," साहेब ठसक्यात म्हणाले.

"वा! आणि हे?" बोट फिरलं, अंगठा तिथेच.

"हे एकेचाळीस."

"आणि हे?"

"अडतीस! झालं समाधान?"

"झालं," तेओ म्हणाला. "तिन्ही वेळा एकच फोटो होता, साहेब. आणि तो कुत्रा मागच्या वर्षीच मेलाय."

डॉक्टरांनी तो फोन हातात घेतला. निळी बादली पाहिली, तडा पाहिला. मग म्योंगदादाकडे पाहिलं. म्योंगदादाला एकदम स्वतःच्या बुटांची फार काळजी वाटू लागली.

"नियम क्रमांक दोन!" बोरम ओरडली. रोज सकाळी म्हणून म्हणून तो तोंडपाठ झाला होता. "मुदत फोटो लागल्या दिवसापासून मोजावी! गिमचा फोटो लागलाच नाही. मग त्याची मुदत सुरूच झाली नाही! या पाचांपैकी कुणाचीच नाही! आणि काल आलेल्या काळीचीही नाही!"

डॉक्टरांनी बॅगेचा बंद घट्ट ओढला. "पोरगी बरोबर बोलतेय, ग्वाक. सुईच्या कागदावर सही माझी असते." त्यांनी काकूंकडे पाहिलं. "मागच्या शुक्रवारच्या कागदावरही माझीच आहे."

ग्वाकसाहेब काकूंसमोर कंबर मोडेपर्यंत वाकले. "चूक झाली. फार मोठी चूक झाली."

"उठा," काकू म्हणाल्या. "तुमच्या टकलाकडे बघायला मी आले नाही. बाहेर चला. फोटो काढा."

आणि त्या बर्फात ग्वाकसाहेब गुडघ्यांवर बसले, प्रत्येक काळ्या कुत्र्यासमोर. काकूंनी एकेक कुत्रा पकडून धरला. त्यातल्या एकाच्याही तोंडाकडे त्यांनी पाहिलं नाही.

*

पुढच्या आठवड्यात नगरपालिकेचे बडे अधिकारी आले. मुलांना बर्फात उभं करून भाषण झालं.

"या मुलांनी गावाची मान उंच केली! शाबास!"

"मी पहिल्यापासून म्हणायचो, मुलं हुशार आहेत," ग्वाकसाहेब म्हणाले.

"गाढवं म्हणायचात," तेओ पुटपुटला. इसुलने त्याच्या पायावर पाय दिला.

चव्वेचाळीसचा मालक दोन गावं ओलांडून आला आणि पिंजऱ्यातच बसून राहिला. सत्तेचाळीस नंबरला एका होडीवाल्याने नेलं. गिमच्या फोटोला तर शहरभरातून माणसं फोनवरून लाल बदाम पाठवत होती. "किती गोड!" "काय डोळे!" पण न्यायला कुणी आलं नाही. दहा दिवस होत आले. कागदावर नंबर पुन्हा वर सरकला.

मुदतीच्या शेवटच्या दुपारी प्योकाकू आल्या. हातात जाळ्याच्या दोरीचा तुकडा होता.

"घरी एक वाटी रिकामी पडलीय," त्यांनी गिमला सांगितलं. "भरते म्हणून लाड मागायचे नाहीत. कळलं?"

गिमने त्यांच्या बुटाला लागलेला कालवांचा वास मन लावून हुंगला.

बोरमला आनंदाने उडी मारावीशी वाटली. "काकू! तुम्ही किती..."

"शाबास, पोरींनो. तूही रे," काकू म्हणाल्या. दोरी बांधताना त्यांनी वर पाहिलं नाही. "एक आठवडा आधी बघितलं असतंत तर जास्त शाबास म्हटलं असतं."

काकू फाटकातून बाहेर पडल्या. रस्त्याच्या कडेला गिम रेंगाळला, तशी त्यांनी वळून हाक मारली, "तोरी! चल!"

गिम हललाही नाही.

"तोरी!" आवाज चढला.

"काकू!" बोरम फाटकाशी धावली. "त्याचं नाव गिम आहे!"

"माहितीये," काकू म्हणाल्या. त्या तिथेच उभ्या राहिल्या, दोरी सैल सोडून. गिमने थोडा विचार केला. मग तो आपणहूनच त्यांच्या मागे चालू लागला.