सारिकेला न कळलेला आवाज

"द स्टेम होल्ड्स द वॉटर."

सातवीच्या वर्गात हे वाक्य आधी शहरातल्या शाळेतून आलेल्या तनिष चौबळने म्हटलं. बाकावरच्या सारिका नावाच्या यंत्राचं पोट लगेच हिरवं झालं. मग तेच वाक्य, एकही शब्द इकडचा तिकडे न करता, ऋजुता नेहेतेने म्हटलं. सारिकेचं पोट लाल झालं आणि ती गोड आवाजात म्हणाली, "मला समजलं नाही. पुन्हा प्रयत्न कर."

ऋजुताने तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा लाल.

"मॅडम, तुम्हाला समजलं का मी काय म्हटलं ते?" तिने सरोदे मॅडमना विचारलं.

"मला समजलं गं," मॅडम म्हणाल्या. "पण इंग्रजीचे गुण आता मी देत नाही ना."

वाक्य तेच होतं, अर्थही तोच. मग एक बरोबर आणि दुसरं चूक कसं? हे कोडं डोक्यात घेऊन ऋजुता घरी गेली.

यावलजवळच्या त्या शाळेत सारिका येऊन दोन वर्षं झाली होती. मैनेच्या आकाराचं हे यंत्र प्रत्येक बाकावर बसलेलं असे. ते मुलांशी इंग्रजीत बोले, त्यांचं ऐके आणि पोटातल्या दिव्याने उच्चार बरोबर की चूक ते सांगे. सारिकेला जोडूनच 'कट्टा' होता. कट्टा म्हणजे राज्यभरातल्या शाळांचं समाजमाध्यम (जिथे मुलं आपल्या बोलण्याच्या चित्रफिती टाकत आणि इतरांच्या बघत). इंग्रजी बोलायला मुलांची भीड चेपावी म्हणून तो काढला होता.

त्या वर्षी बंगळूरूला बालविज्ञान मेळावा होता. पहिली फेरी कट्ट्यावर होणार होती. आपला प्रयोग इंग्रजीत सांगायचा आणि निवड सारिका करणार. ऋजुताचा प्रयोग साधा पण नामी होता. घड कापल्यावर केळीची खोडं बांधावर सडत पडतात. तिने त्या खोडांचे धागे काढून एक चटई विणली होती. ती रोपाच्या बुडाशी अंथरली की माती कितीतरी दिवस ओली राहायची. वडिलांच्या बागेत तिने हे स्वतः मोजून पाहिलं होतं. मोठ्या उत्साहाने तिने चित्रफीत कट्ट्यावर टाकली.

सारिकेने तिला लाल ठरवलं. आणि कट्ट्यावर लोक हसले.

आधी दोघं-चौघं हसले. कुणीतरी खाली लिहिलं, 'हे इंग्रजी की केळ्यांचा लिलाव?' मग त्यावर आणखी हसू. कुणी तिच्या 'वॉटर'मधला ठसठशीत ट कापून घेतला आणि त्याला ढोलकीचा ठेका लावला. आठवड्याभरात ती चित्रफीत कट्ट्यावर सगळ्यात वर जाऊन बसली. चटईबद्दल मात्र एकानेही विचारलं नाही.

ऋजुताने जेवण टाकलं. आई समजावून थकली. शेवटी नाना तिच्या खोलीत आले.

नाना म्हणजे तिच्या आईचे वडील, डॉ. वामन भंगाळे. आवाज ओळखणारी यंत्रं कशी शिकतात, यावर पुण्यात संशोधन करण्यात त्यांची हयात गेली होती. ते तिच्या शेजारी बसले. 'जाऊ दे, मनाला लावून घेऊ नकोस' असलं काही म्हणाले नाहीत.

"तुझ्या बाकावरची सारिका आणलीस का घरी?" त्यांनी विचारलं.

"दप्तरात आहे. कशाला?"

"तिची परीक्षा घेऊ."

नानांनी सारिका टेबलावर ठेवली. "तू तिच्या चालीत बोलून दाखव बरं. तिची हुबेहूब नक्कल कर. र गिळायचा, ट मऊ करायचा, आवाज थोडा नाकातून काढायचा."

"काय बोलू?"

"द मून ईट्स अ बस."

"चंद्र बस खातो? नाना, काहीतरीच काय!"

"म्हण तर."

ऋजुताने नक्कल करत म्हटलं. सारिकेचं पोट हिरवंगार झालं. "फार छान!" ती म्हणाली.

"आता तुझ्या आवाजात तुझ्या चटईबद्दल सांग."

ती बोलली. लाल.

ऋजुता त्या दिव्याकडे बघत राहिली. "म्हणजे हिला मी काय बोलते ते कळतच नाही. कसं बोलते एवढंच कळतं."

"शाबास. हेच सिद्ध करायचं होतं," नाना म्हणाले. "आता कारण ऐक. कृत्रिम बुद्धिमत्ता (पुष्कळ नमुने दाखवून यंत्राला लावलेली ओळखायची सवय) आकाशातून पडत नाही. सारिकेला आधी हजारो माणसांचे आवाज ऐकवले आणि सांगितलं, हे बरोबर. त्यांना म्हणायचं प्रशिक्षण-नमुने (ज्यांच्याकडे बघून यंत्र शिकतं ते दाखले). आता मला सांग, ज्याने जन्मभर फक्त हापूस पाहिलाय, त्याच्या हातात गावठी रायवळ ठेवला तर तो काय म्हणेल?"

"हा आंबाच नाही म्हणेल."

"सारिकेने आपल्या भागातल्या पोरांचा आवाज कधी ऐकलेलाच नाही. नमुने गोळा करणारे मोठ्या शहरांतल्या मोठ्या शाळांत गेले. इथवर कोण येतो तडफडायला? ह्याला म्हणतात यंत्राचा पूर्वग्रह (अपुऱ्या नमुन्यांमुळे लागलेलं एकांगी वळण). तिच्या मनात तुझ्याविषयी वाईट नाही. तिला मनच नाही. पण लाल दिवा लागायचा तो लागतोच."

"आणि कट्टा? माझीच चित्रफीत वर का चढली?"

"कट्ट्यावर आधी काय दाखवायचं ते क्रमवारीचं सूत्र (कशाला वर ठेवायचं ते ठरवणारा नियम) ठरवतं. नियम एवढाच आहे की लोक ज्यावर जास्त वेळ थांबतील ते वर. कौतुकाने थांबले की टिंगल करायला थांबले, हे तो नियम विचारत नाही."

कोडं सुटलं होतं. एरवी कोडं सुटलं की ऋजुताला आनंद व्हायचा. त्या दिवशी झाला नाही.

मेळाव्याला तनिष गेला. ऋजुताने मुकाट्याने सारिकेची चाल उचलली, कारण वार्षिक परीक्षेचे गुणही सारिकाच देणार होती. ती आरशासमोर उभी राहून ट मऊ करत राहिली. हळूहळू दिवा हिरवा होऊ लागला.

पण खरा घाव पुढेच होता. दिवाळीनंतर तिची धाकटी बहीण ओवी, दुसरीतली, पडवीत बसून सारिकेबरोबर अभ्यास करत होती. सारिका म्हणाली, "आता चुकीचा उच्चार ऐक. असं बोलू नये." आणि एक आवाज आला.

ओवी धावत आत आली. "ताई, सारिकेत तू आहेस!"

ऋजुताने ऐकलं. चटईबद्दल सांगणारा तो तिचाच आवाज होता. राज्यभरातल्या दुसरीच्या मुलांना तिचा आवाज ऐकवून सांगितलं जात होतं, असं बोलू नये. तिने सारिका उचलली आणि थेट नानांकडे नेली.

नानांनी सारिका बनवणाऱ्या कंपनीला फोन लावला. पडद्यावर एक हसतमुख अधिकारी बाई आल्या.

"आम्ही कुणाला मुद्दाम निवडत नाही, सर," त्या म्हणाल्या. "कट्ट्यावर ज्या चित्रफितीला सर्वांत जास्त 'चूक' अशा खुणा मिळतात, ती आपोआप चुकीचा नमुना म्हणून घेतली जाते."

"निवडण्याआधी ती कोणी माणसाने ऐकली होती?"

"इतक्या चित्रफिती माणसं कशी ऐकणार, सर?"

"म्हणजे आधी सारिका हिला लाल म्हणणार," नानांचा आवाज चढला, "लाल बघून लोक हसणार, हसणं मोजून कट्टा हिला वर चढवणार, आणि वर चढून 'चूक' खुणा वाढल्या म्हणून सारिका हिला चुकीचा नमुना मानणार! सारिका आपलीच चूक आपल्याच पुस्तकातून शिकते आहे, बाई. चक्र आहे हे."

"आम्ही तो आवाज आजच काढून टाकतो."

"पाठातून काढाल. पण त्यावरून ती जे शिकली ते?"

बाईंनी 'कळवतो' म्हणून फोन ठेवला. नानांनी नंतर ऋजुताला समजावलं, "यंत्र नमुना नुसता साठवून ठेवत नाही, त्यावरून अंदाज बांधतं. नमुना फेकून दिला तरी अंदाज मागे राहतो. तो बदलायचा तर नवे नमुने देऊन पुन्हा शिकवावं लागतं."

त्याच आठवड्यात शाळेत सारिकेचा प्रगतीचा अहवाल आला. या वर्गातल्या चुका निम्म्याने घटल्या, असं त्यात अभिमानाने सांगितलं होतं. सरोदे मॅडमनी तो वाचला आणि वर्गाकडे पाहिलं. चुका घटणारच होत्या. ऋजुताचं झालेलं पाहून अर्ध्या मुलांनी इंग्रजी बोलणंच सोडलं होतं.

"हिला हिरवं वाटतंय," मॅडम कडवटपणे म्हणाल्या, "आणि माझा वर्ग मुका झाला."

मॅडम आणि नाना कामाला लागले. आसपासच्या गावांतल्या मुलांचे आवाज गोळा करून कंपनीला द्यायचे आणि प्रत्येक नमुना माणसाने ऐकूनच घ्यायचा, अशी अट त्यांनी घातली. चंद्राचं वाक्य हिरवं आणि चटईचं लाल, हे दोन्ही प्रयोग सगळ्यांसमोर करून दाखवल्यावर कंपनीला ती मान्य करावी लागली. ऋजुता त्यांच्याबरोबर दारोदार फिरली. पुष्कळ दारं बंदच राहिली.

"तुझं हसं केलं त्यांनी," एका मैत्रिणीची आई म्हणाली. "आता माझ्या पोरीचा आवाज मागायला आलीस?"

त्या बाई चुकीचं बोलत नव्हत्या. ऋजुता पुढच्या घरी गेली. तिथे एका शेळ्या राखणाऱ्या मुलीने खुशीने आपल्या शेळ्यांची नावं इंग्रजी वाक्यांत घालून सांगितली. मग तिचा भाऊ बोलला, मग शेजारचे दोघे. असं करत करत आवाज जमत गेले.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत नवी सारिका आली. ती अर्थही थोडाफार तपासायची. चंद्र बस खातो म्हटल्यावर आता ती विचारायची, "गंमत करतोयस का?" कट्ट्यावरचं क्रमवारीचं सूत्र मात्र तसंच राहिलं. ते बदललं तर लोक कट्ट्यावर थांबणार नाहीत, असं कंपनीचं म्हणणं पडलं.

एका संध्याकाळी ओवी पडवीत बसून मांजरीला झालेल्या पिलांची हकिकत सारिकेला इंग्रजीत सांगत होती. व्याकरण मोडकंतोडकं, पण ट ठसठशीत आणि र खणखणीत. सारिकेचं पोट हिरवं होतं आणि ती विचारत होती, "मग तिसरं पिलू कुठे लपलं?" ओवी हातवारे करत बोलतच राहिली. नाना खुर्चीत बसून ऐकत होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

"ताई, आता तू," ओवीने सारिका पुढे केली. "तुझं नाव सांग आधी."

ऋजुता सहज म्हणाली, "माय नेम इज रूजूटा."

सारिकेचं पोट हिरवंच होतं.

"रूजूटा काय?" ओवी खिदळली. "स्वतःचं नाव पण येत नाही!"

ऋजुता हसली नाही. तिने पुन्हा म्हणून पाहिलं. पुन्हा तीच गिळलेली, मऊ केलेली चाल आली. आरशासमोर घोटलेली ती चाल तिच्या जिभेवरून उतरतच नव्हती.

"नाना," ती दबल्या आवाजात म्हणाली, "सारिकेला पुन्हा शिकवता आलं. मला कोण शिकवणार?"

नाना उठून तिच्याजवळ आले. इतक्या वर्षांच्या संशोधनात या प्रश्नाचं उत्तर त्यांना सापडलं नव्हतं. ते खरं तेच बोलले. "तुझं तुलाच शिकावं लागेल, बाळा. सारिकेपेक्षा जास्त वेळ लागेल. पण तुझा आवाज कसा होता ते मला आठवतंय. ओवीलाही आठवतंय."

"मी शिकवते!" ओवी तिच्या पुढ्यात मांडी घालून बसली आणि तिने मास्तरणीसारखं बोट वर केलं. "म्हण, ऋ."

ऋजुताने सारिका बंद करून बाजूला ठेवली.

"ऋ," ती म्हणाली.