दीड अँपिअर

लोक दोन गोष्टी कधी खऱ्या सांगत नाहीत असं बॅटरीवाल्या ताईचं म्हणणं होतं: स्वतःचं वजन आणि घरातली वीज. "चार दिवे, दोन पंखे, बस्स," असं छातीठोक सांगणाऱ्या घरात माळ्यावर एखादा विसरलेला फ्रीज घरघरत सापडायचा. म्हणून ती कुणाच्या तोंडी हिशेबावर बॅटरी देत नसे. आधी शून्य, मग बाकीचं, हा तिचा नेम. घरातलं झाडून सगळं बंद करायचं, बोर्डातल्या वायरीला टाँग टेस्टर लावायचा, म्हणजे खेकड्याच्या नांगीसारखा जबडा असलेलं ते मापयंत्र, आणि आकडा शून्य आला की मग एकेक वस्तू चालू करून नोंद घ्यायची. या नादात गिऱ्हाइकांचा अर्धा दिवस जायचा. काही जण वैतागायचे. वैतागू देत, ती म्हणायची, बॅटरी संध्याकाळी सात वाजता संपली की शिव्या मलाच घालणार आहात ना?

चित्रकलेच्या सरांनी तिला बोलावलं ते काकूंसाठी, म्हणजे त्यांच्या बायकोसाठी. काकूंची फुप्फुसं दोन वर्षांपूर्वी थकली. तेव्हापासून त्यांच्या पलंगाशी ऑक्सिजनचं मशीन चोवीस तास चालू असे. त्या भागात वीज जायची ती चार-चार तास, आणि मशीन थांबलं की काकूंच्या हाताशी एक छोटा सिलिंडर, तो दोन तासांचा. सरांना छतावर सोलर पॅनल बसवायची होती आणि त्यांना साजेशी बॅटरी हवी होती. कुठली आणि केवढी, ते ताईने ठरवायचं.

घर वरच्या मजल्यावर. दार उघडायला सर खाली आले आणि परत वर चढताना एकोणीस पायऱ्यांत दोनदा थांबले.

"वय झालं हो ताई," ते कठड्याला धरून म्हणाले. "शाळेत असताना मी पोरांच्या मागे मैदानभर पळायचो. आता जिन्याच्या मागे लागावं लागतं."

आत तीन खोल्या. मधली सरांची. बरणीत उभे केलेले ब्रश, अर्धवट सोडलेलं एक जलरंगातलं झाड, आणि भिंतीला अगदी चिकटवून ठेवलेली खाट. भिंतीपलीकडे काकू. सरांनी खाट तिथे का लावली ते विचारावं लागलं नाही. त्यांनीच सांगितलं. मशीनची घरघर भिंतीतून ऐकू येते, ती थांबली तर जाग येते. भिंतीवर, उशीच्या वरच्या बाजूला, हाताच्या पंज्याएवढा रंग पुसट झाला होता.

काकू उशांना टेकून बसल्या होत्या. नाकाशी नळी, पण तोंड चालू. "अगं, तूच बसवणार? एकटी? मग बरं. पुरुष आले की आधी चहा, मग गप्पा, मग उद्या येतो."

"मी पण चहा घेणार, काकू," ताई म्हणाली. "पण काम झाल्यावर."

जागा बघून तिने एक गोष्ट तिथल्या तिथे पक्की केली. पाणी घालायची जुन्या पद्धतीची बॅटरी इथे नको. ती चार्ज होताना तिच्यातून वायू सुटतो, आणि काकूंच्या छातीला तो सोसणार नाही. लिथियमचीच हवी. ती भिंतीवर टांगता येते, वास नाही, पाणी नाही. आता राहिलं माप.

"सर, सिलिंडर लावा काकूंना. पाच मिनिटं सगळं बंद करते."

सर आत जाऊन आले. ताईने एकेक खटका पाडला, शेवटी मेनही पाडला. घर गप्प झालं. फ्रीजची कुरकुर थांबली, मशीनची घरघर थांबली. तिने वायरींना एकामागून एक जबडा लावला. शून्य. शून्य. शून्य. चौथी वायर मधल्या खोलीच्या भिंतीतून काकूंच्या खोलीत जाणारी.

दीड अँपिअर.

तिने टेस्टर काढून पुन्हा लावला. दीड. पिशवीतून दुसरा टेस्टर काढला. दीड. बाहेर जाऊन वीज कंपनीचं मीटर पाहिलं. त्याचा लाल दिवा विझलेला. म्हणजे घरात वीज येत नव्हती आणि वायरीतून मात्र धो धो चालली होती.

"च्यायला," ताई स्वतःशीच म्हणाली.

पाच मिनिटांची वीस झाली. शेजारच्या घरातून गळती येतेय का ते पाहिलं, काकूंच्या खोलीतले सगळे प्लग काढले. आकडा हलेना. शेवटी तिने हात टेकले, मेन चालू केला आणि काकूंकडे धावली. मशीन सुरू झालं. ती सिलिंडर बंद करायला वाकली आणि तशीच थांबली. सिलिंडरची चावी बंदच होती. उघडलीच नव्हती. काटा भरल्याच्या खुणेवर.

"सर!"

सरांचा चेहरा पांढराफटक पडला. "मी... मी उघडली ना? नळी लावली. चावी... अरे देवा!"

वीस मिनिटं काकू नुसत्या हवेवर होत्या. मशीनशिवाय त्या पाच मिनिटंही काढत नसत. ताईने त्यांच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. चौऱ्याण्णव.

"काय झालं?" काकू म्हणाल्या. "मला तर काही कळलंच नाही."

सर भिंतीला टेकून उभे होते आणि त्यांना धाप लागली होती. घाबरले असतील, ताईला वाटलं. मशीनची नोंद घ्यायची राहिली होती ती तिने घेतली. मशीन दीड अँपिअर खात होतं.

तिने त्यावर फार विचार केला नाही. वायर जुनी, कुठेतरी कुजलेली, कुठून तरी चोरून वीज ओढतेय, एवढंच. शून्य आल्याशिवाय ती बॅटरी लावणार नव्हती, कारण न दिसणारा भार बॅटरीला रिकामी करतो. तिने भिंतीतली ती वायर बोर्डापाशी सोडवली, पलीकडे काकूंच्या खोलीतही सोडवली, टोकांना टेप गुंडाळून आत सरकवून दिली आणि बाहेरच्या बाजूने पाइपातून नवी वायर ओढली. पुन्हा सगळं बंद केलं. या वेळी सिलिंडरची चावी तिने स्वतः उघडली.

शून्य.

काकू तेवढ्यात खोकल्या. बराच वेळ खोकल्या.

चार दिवसांनी बॅटरी भिंतीवर चढली. पाच युनिटची. मशीन, फ्रीज, पंखा, दोन दिवे मिळून आठ तास आरामात. ताईने चहा घेतला, काकूंनी तिला दोनदा बिस्किटं घ्यायला लावली आणि ती आपल्या कामावर खूश होऊन गेली.

तीन आठवड्यांनी सकाळी आठला सरांचा फोन आला. आज नऊ ते पाच दुरुस्तीसाठी वीज बंद. चार दिवस आभाळ भरलेलं, पॅनल नावालाच. आणि काकूंचं वाढलंय.

"वाढलंय म्हणजे?"

"डॉक्टरांनी मोठं मशीन दिलं. दुप्पट वीज खातं. तिला हलवूही नका म्हणाले. बॅटरी पुरेल का हो, ताई?"

ताईने मनातल्या मनात भागाकार केला. फ्रीज-पंखा बंद ठेवून सात तास. ऑक्सिजनच्या चौपट प्रवाहावर सिलिंडर जेमतेम अर्धा तास. अर्धा तास कमी पडत होता. दुसरी बॅटरी मागवायला आठ दिवस. दुकानात होती ती पाण्याची, ती या यंत्रणेला जुळत नव्हती. सिलिंडरवाल्याने सरांना उद्याची वेळ दिलेली. ती निघाली.

दार उघडायला सर खाली आले ते दोन-दोन पायऱ्या टाकत. गालावर रंग आलेला. दहा वर्षांनी तरुण दिसत होते आणि रडवेले झाले होते. वर चढताना तेच पुढे होते, ताई मागे धापा टाकत.

काकू आज बोलल्या नाहीत. ओठ निळसर. बोटाच्या चिमट्यावर शहाऐंशी. मशीन पूर्ण जोरात चालू होतं, आणि भिंतीवर तिनेच टांगलेली बॅटरी टक्का टक्का उतरत होती.

सरांनी तिला मधल्या खोलीत नेलं आणि दार लोटलं.

"ती जुनी वायर परत जोडा."

"सर, त्या वायरीत काही नाहीये. ती खराब..."

"जोडा, ताई. तुम्ही ती सोडवलीत त्या दिवसापासून मला झोप लागते, भूक लागते, जिना चढवतो. आणि ती अशी. मला यातलं काही कळत नाही. रात्री भिंतीला हात लावून झोपायचो, एवढंच मी करत होतो."

"हे असं काही नसतं, सर."

सरांनी तिच्या खांद्यावरच्या पिशवीतून टेस्टर उचलला. जबडा उघडला. चित्रकाराचं बारीक मनगट त्यात सहज मावलं. जबडा मिटला.

दीड.

ताईने त्यांच्या हातून तो घेतला. त्यातले सेल काढून दुसरे घातले. पुन्हा त्यांच्या मनगटाला लावला. दीड. मग स्वतःच्या मनगटाला. शून्य.

वीस वर्षं ती आकड्यावर विश्वास ठेवत आली होती. आता एक आकडा समोर होता आणि तो मानायचा तर भीती वाटत होती.

"जोडली तर तुमचं काय?" तिने विचारलं.

"पूर्वी होतं तेच."

"पूर्वी तुम्ही जिन्यात दोनदा थांबत होतात. आता त्यांची गरज वाढलीय, सर."

"ताई," सर म्हणाले, "तुमचा नवरा आत असा पडला असता तर तुम्ही मला विचारत बसला असता?"

ताईने पिशवी उघडली. स्क्रू ड्रायव्हर काढला. तिला रडू येत होतं आणि हात मात्र सवयीने काम करत होते. टेप सोडला. काकूंच्या खोलीत दोन स्क्रू, बोर्डात दोन स्क्रू.

सर खाटेवर आडवे झाले. हात भिंतीवर ठेवला, त्या पुसट जागेवर.

आतून काकूंनी लांब श्वास घेतला. भिंतीपलीकडून ऐकू आला इतका लांब.

अठ्ठ्याऐंशी. नव्वद. तासाभरात चौऱ्याण्णव.

दुपारी ताईने मोठं मशीन बंद करून कोपऱ्यातलं जुनं लहान मशीन लावलं. ते पुरलं. बॅटरीचं उतरणं मंदावलं. चार वाजता अजून पंचवीस टक्के शिल्लक होते. बॅटरीची काळजी मिटली होती, आणि ताई तरीही तिथून उठत नव्हती. ती मधल्या खोलीत खुर्ची घेऊन बसली होती. भिंतीत शिरणाऱ्या वायरीला तिने टेस्टर लावून ठेवला होता.

दीडच होता. बराच वेळ दीडच होता.

पाचला वीज आली. फ्रीज कुरकुरला. सरांनी डोळे उघडले नाहीत, पण ते जागे होते.

"उठा की आता," ताई हळूच म्हणाली. "वीज आली. हात काढा."

सरांनी मान हलवली. नाही.

"त्यांना सांगते मी."

सरांनी दुसरा हात उचलला, मोठ्या कष्टाने, आणि बोट ओठांवर ठेवलं.

तेवढ्यात पलीकडून काकूंचा आवाज आला. स्वच्छ, मोकळा, वाक्याच्या मध्ये कुठेही न अडणारा. नळी काढून ठेवली असावी त्यांनी.

"अहो, ऐकलंत का? मला आज इतकं बरं वाटतंय ना, वाटतं उठून गॅलरीत बसावं आणि तुमच्याशी पोटभर बोलावं!"

ताईने आकड्याकडे पाहिलं. काकूंचं वाक्य सुरू झालं तेव्हा तो दीड होता. संपलं तेव्हा एक पूर्णांक चार दशांश, आणि सरांची छाती जेमतेम हलत होती.

"अहो?" काकू म्हणाल्या.

एक पूर्णांक तीन दशांश.