बेअरिंगखालचं कडं

सन बासष्ट. भिलाईच्या कारखान्यात मोठ्या पंख्याच्या मोटरनं महिन्यात तिसरं बेअरिंग खाल्लं, तेव्हा पंजाबराव फिटरचं डोकंच फिरलं. आतल्या गुळगुळीत धातूवर बारीक चरेच चरे!

"कावून होऊन राहिलं हे?" जोडीच्या भाऊरावानं विचारलं.

"करंट, दादा. फिरत्या दांड्यातला करंट बेअरिंगमधून पळते अन् धातू खाते. म्हणून तं करंट अडवाले बेअरिंगच्या बैठकीखाली फायबर घातलं. लोखंडाले लोखंड टेकलं का संपलं."

भाऊरावाचं लक्ष मोटर आणि पंख्याचे दांडे जोडणाऱ्या कपलिंगकडं होतं. दोन महिन्यांपूर्वी त्याच कपलिंगनं त्याच्या धाकट्या भावाला, दौलतरावाला, ओढून चेचलं होतं.

"दौलत पाटी लावाले इसरंल, असं वाटत नाही मले."

"पाटी नोती, दादा."

होती की! स्विचला टांगलेली, तळहाताएवढी, पत्र्याची, 'काम चालू' लिहिलेली. जेवणाच्या घाईत पंजाबरावानंच हाक न मारता ती काढली आणि बटण दाबलं. वर मेलेल्या मित्रावरच खापर फोडलं. भाऊरावाला कळलं तर तो जिवंत सोडणार नाही, ह्या धास्तीनं पंजाबरावाला घास गिळवत नव्हता.

नवं बेअरिंग बसलं. भाऊराव तेल आणायला गेला. पंजाबराव चाळीस पावलांवरच्या स्विचपाशी गेला, मोटर बंद असल्याची खात्री केली, पाटी टांगली, दोरीला दोन गाठी मारल्या. परत येऊन बैठकीला मीटर लावला.

काटा शून्यावर, म्हणजे करंटला वाट मोकळी. फायबर ओलांडून काहीतरी टेकलं होतं.

त्यानं बॅटरी मारली. फटीत तांब्याचं कडं होतं, एका बाजूला चेपलेलं. दौलतरावाचं.

हे कडं प्रेताच्या मनगटात तसंच राहिलं होतं. शिवनाथ नदीच्या घाटावर त्यानं स्वतः त्याच्यावर लाकडं रचली होती.

भाऊराव यायच्या आत काढायला हवं. त्यानं कपलिंगखालून हात घातला. कडं गरम होतं.

मोटर सुरू झाली.

कपलिंगच्या बोल्टनं बाही धरली. हाडं कडाकड मोडली. खांद्यातून हात उपटला गेला, रक्ताची चिळकांडी भिंतीवर उडाली.

मग मोटर आपोआप थांबली.

भाऊराव धावत आला, गमछ्यानं खांदा आवळू लागला.

"पाटी लावली होती, दादा! मायची आन!"

भाऊरावानं स्विचकडं पाहिलं.

"पाटी नाही तिथं."

तुटलेला हात तेलात पडला होता, मूठ घट्ट मिटलेली. भाऊरावानं एकेक बोट उघडलं.

आत कडं नव्हतं. पाटी होती, दोरीसकट. दोन्ही गाठी तशाच.